चोवीस-सत्तर की सत्तर-दोनशे : महागड्या झूम लेन्सचा हिशेब, सोलापुरातून

सोलापुरात लग्नसराईचा एखादा हंगाम बरा गेला की नव्या छायाचित्रकाराच्या डोक्यात पहिला विचार येतो तो २४-७० एफ २.८ लेन्सचा. २४ ते ७० मिलिमीटर हा तिचा झूमचा पल्ला, आणि एफचा आकडा जितका लहान तितके उजेड आत घेणारे छिद्र, म्हणजे अपर्चर, मोठे. स्टुडिओवाले एकमेकांना तीच सुचवतात, यजमान मंडळीही हल्ली लेन्सच्या पुढच्या काचेचा घेर पाहून फोटोग्राफरची पत ठरवतात, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला आपण अजून कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या स्वस्त किट लेन्सवालेच राहिलो अशी चुटपुट लागून राहते. कॅनन, निकॉन किंवा सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी ही लेन्स नवी घ्यायची म्हटले तर दोन लाखांच्या आसपास रक्कम मोजावी लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना ती हप्त्यांवरच घ्यावी लागते. म्हणून मत आधीच सांगून टाकतो. व्यावसायिक झूममध्ये जी जोडी सर्वांत जास्त खपते, तिच्यातली ७०-२०० एफ २.८ ही रंगमंच आणि लग्नसमारंभ टिपणाऱ्याला पैसे वसूल करून देते. २४-७० एफ २.८ मात्र दहातल्या आठ जणांना गरजेची नसते, आणि तरीही तीच आधी घेतली जाते.

हे मत मुख्यतः कॅननच्या काचांवर, म्हणजे लेन्सवर, बेतलेले आहे. त्यांतल्या ईएफ या आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या, आरएफ या बिनआरशाच्या मिररलेसच्या; एल म्हणजे व्यावसायिक श्रेणी, आयएस म्हणजे स्टॅबिलायझेशन आणि मार्क दोन म्हणजे दुसरी आवृत्ती. २०१२ साली आलेली ईएफ २४-७० एफ २.८ एल मार्क दोन, २००५ ची ईएफ २४-१०५ एफ ४ एल, २०१० ची ईएफ ७०-२०० एफ २.८ एल आयएस मार्क दोन आणि स्वस्तातली ५० एफ १.८ एसटीएम या चार लेन्स मी आधी डीएसएलआरवर आणि नंतर अॅडॉप्टर लावून मिररलेसवर वापरल्या आहेत. सोनी आणि टॅमरॉनच्या लेन्स व्यवसायबंधूंकडून मागून हाताळल्या आहेत.

एफ २.८ साठी आपण एवढे पैसे का देतो, ते आधी पाहू. किट लेन्स झूम केली की तिचे अपर्चर आपोआप लहान होत एफ ५.६ वर येते. व्यावसायिक झूम मात्र सगळ्या टप्प्यांवर एफ २.८ टिकवून धरते. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ मधून चौपट उजेड आत येतो, एफ ४ च्या तुलनेत दुप्पट. म्हणजे २४-१०५ एफ ४ सोडून २४-७० एफ २.८ कडे जाणारा माणूस फक्त एका स्टॉपसाठी, म्हणजे उजेडाच्या एका दुपटीसाठी, पैसे मोजतो, आणि त्या बदल्यात ७० ते १०५ मिलिमीटरचा पल्ला सोडून देतो. त्या ईएफ २४-७० मध्ये हात हलल्याचा परिणाम रोखणारे स्टॅबिलायझेशनही नाही. जुन्या, निम्म्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या २४-१०५ मध्ये ते आहे. मांडवाची सजावट, देवळाचा गाभारा, हॉलचे रिकामे व्यासपीठ अशा न हलणाऱ्या गोष्टींचे फोटो संध्याकाळच्या उजेडात हातातच काढायचे असतील, तर स्वस्त लेन्स सरस ठरते.

‘पण मागचा भाग धूसर होतो ना’, हे पुढचे समर्थन. इथे थोडे गणित करावे लागते, आणि ते करायला कोणी बसत नाही. चेहरा फ्रेममध्ये सारख्याच आकाराचा ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे लेन्समधल्या उजेडाच्या वाटेच्या रुंदीवर ठरते, आणि ही रुंदी काढायची तर मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागायचे. ७० भागिले २.८ म्हणजे २५ मिलिमीटर. १०५ भागिले ४ म्हणजे सव्वीसच्या थोडे वर. ५० भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८. ८५ एफ १.८ घेतली तर ४७. म्हणजे दोन लाखांची झूम पूर्ण उघडून, पूर्ण लांबवून जेवढी धूसरता देते, तेवढीच एफ ४ वाली २४-१०५ दोन पावले मागे सरून देते, आणि वीस हजारांच्या आतबाहेर मिळणारी १६० ग्रॅमची पन्नास त्याहून किंचित अधिक. ८५ तर त्यांच्या कितीतरी पुढे. आता हेच भागाकार ७०-२०० एफ २.८ साठी करून पाहा : २०० भागिले २.८ म्हणजे ७१. माझा सगळा युक्तिवाद या आकड्यापाशी येऊन थांबतो. या रुंदीला स्वस्तातला पर्याय सहजासहजी मिळत नाही.

पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात चादरींच्या माहितीपत्रकासाठी काम करताना एफ ४ आणि एफ २.८ मधला फरक मला नीट तपासता आला. शेडमध्ये ट्यूबलाइट, भिंती काळवंडलेल्या, हवेत कापसाची तूस तरंगते आहे आणि जकार्डचा खडखडाट इतका की शेजारच्याशी बोलायचे तर खुणांनी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकवरची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. शटर त्याहून वेगवान केले तर एका फोटोत पिवळट झाक, दुसऱ्यात हिरवट, आणि कधी एकाच फोटोच्या अर्ध्या भागावर पट्टा. म्हणून शटर १/१०० सेकंदावर अडकवून ठेवणेच भाग होते. या अटीत एफ २.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे दिसतात) ३२०० लागला, एफ ४ वर ६४००, आणि पन्नास एफ १.८ वर साधारण १२५०. म्हणजे महाग लेन्सने शटरचा वेग वाढवून दिला नाही, धावता धोटा दोन्हीकडे सारखाच फरफटलेला दिसला. तिने फक्त दाणे थोडे कमी केले. आजच्या फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यातले ६४०० चे दाणे छपाईत उतरतच नाहीत, निदान माहितीपत्रकाच्या आकारात तरी नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. एफ २.८ वर विणकराच्या चेहऱ्यावर फोकस धरला की पुढच्या चादरीवरचा मोर धूसर होत होता, आणि मालकाला हवा होता मोर. शेवटी ट्रायपॉड लावला, अपर्चर एफ ८ केले, माग काही वेळ थांबवला आणि फोटो काढले. त्या अपर्चरवर दोन्ही झूमचे फोटो संगणकावर शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कोपऱ्यांतल्या अगदी बारीक धाग्यांखेरीज फरक सापडला नाही.

सिद्धेश्वर यात्रेतही हाच अनुभव, फक्त कारणे वेगळी. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा भर उन्हात एफ २.८ चा उपयोग शून्य असतो. उंच नंदीध्वज पायथ्यापासून शेंड्यापर्यंत एका चौकटीत घ्यायचा तर २४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद काच लागते, आणि लगेच पुढच्या क्षणी तो ध्वज पेलणाऱ्या, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसाच्या घामेजलेल्या कपाळावर जायचे तर १०० च्या पुढे. त्या गर्दीत, त्या धुळीत लेन्स बदलायला उभे राहणे म्हणजे सेन्सरवर धूळ बसवून घेणे. संमती कट्ट्याजवळचा अक्षता सोहळा मी नेहमी २४-१०५ नेच टिपतो, तोही एफ ८ वर, कारण हवेतले तांदूळ आणि मागचे हजारो हात हे दोन्ही स्पष्ट हवे असतात. रात्रीच्या शोभेच्या दारूकामाला तर ट्रायपॉड, एफ ८ किंवा ११ आणि काही सेकंदांचे शटर एवढेच लागते. तिथे किट लेन्स आणि दोन लाखांची लेन्स यांत निवड करणारा निव्वळ हौसेपोटी करतो.

मग २४-७० एफ २.८ कोणी घ्यावी? ज्याचे पोट रात्रीच्या लग्नांवर आहे, जो एका कॅमेऱ्यावर ही आणि दुसऱ्यावर ७०-२०० अशी जोडी गळ्यात घालून वावरतो, आणि ज्याला फ्लॅश वापरणे नको आहे किंवा शक्य नाही, त्याने. अंतरपाट दूर होतो त्या घटकेला कोणी लेन्स बदलत नाही. फ्लॅश छताकडे वळवून मऊ उजेड मिळवण्याची युक्ती पांढऱ्या, खालच्या छताखाली छान चालते. पण आपल्याकडच्या कित्येक मंगल कार्यालयांची छते एक तर फार उंच असतात, नाही तर त्यांवर गुलाबी-सोनेरी फॉल सीलिंग असते आणि वधूच्या चेहऱ्यावर तीच गुलाबी छटा उतरते. लॉनवर तर छतच नाही. अशा ठिकाणी तो एक स्टॉप हातात असावा हे मला मान्य आहे. त्यासाठी कंपनीचीच लेन्स हवी, हे मात्र मान्य नाही. सोनीच्या माउंटसाठी (कॅमेरा आणि लेन्स यांच्या जोडणीसाठी) टॅमरॉनने २०१८ मध्ये २८-७५ एफ २.८ आणली, तिचे वजन ५५० ग्रॅम. सिग्माची २०२१ मधली २८-७० एफ २.८ तर ४७० ग्रॅमची. दोन्ही कंपनीच्या लेन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त. २४ ऐवजी २८ पासून सुरुवात होते, त्यामुळे अरुंद खोलीतल्या हळदीच्या कार्यक्रमात पाठ भिंतीला टेकते, ही तक्रार खरी आहे. पण वाचलेल्या पैशांत एक रुंद प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, सहज येते. कॅननच्या मिररलेससाठी फुल फ्रेम ऑटोफोकस लेन्स बनवण्याची मुभा इतर कंपन्यांना बराच काळ नव्हती, म्हणून कॅननवाल्यांची इथे पंचाईत होत आली आहे. २०२४ मध्ये कॅननने स्वतःच आरएफ २८-७० एफ २.८ एसटीएम ही ४९५ ग्रॅमची, स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स काढली, तेव्हा त्यांनाही बाजाराचे म्हणणे समजले असे दिसते.

क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सरवाल्यांचे प्रकरण दोन वाक्यांत संपते. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर २४-७० ही ३६-१०५ सारखी वागते, कॅननच्या बॉडीवर ३८-११२ सारखी, म्हणजे रुंदपणाच गेला. त्यापेक्षा आपल्या कॅमेऱ्याला बसत असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ ही जेमतेम तीनशे ग्रॅमची लेन्स घ्यावी आणि उरलेल्या रकमेला हात लावू नये. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे, म्हणून आत्ताच’ या हिशेबाने घेतलेल्या लेन्स मी वर्षानुवर्षे चुकीच्या बॉडीवर बसलेल्या पाहिल्या आहेत.

आता ७०-२०० कडे वळू. हुतात्मा स्मृती मंदिरात नृत्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम असला की छायाचित्रकाराची जागा ठरलेली असते : बाजूची मार्गिका किंवा मागचा कठडा. पुढे गेला तर प्रेक्षक ओरडतात, फ्लॅश उडवला तर कलावंत थांबतात. तिथे पायांनी झूम करण्याचा उपदेश कामाचा नाही. गिरकी घेणाऱ्या नर्तिकेसाठी किमान १/२५० चे शटर हवे, आणि स्टॅबिलायझेशन आपला हात सावरते, तिचे पाय नव्हे. अशा उजेडात एफ २.८ वर आयएसओ ३२०० लागत असेल, तर एफ ४ वर ६४०० आणि ७०-३०० सारख्या स्वस्त झूमच्या एफ ५.६ वर १२८०० लागतो. त्यात निळे-जांभळे एलईडी दिवे असले की सेन्सरचे लाल आणि हिरवे रंग आधीच उपाशी असतात, आणि १२८०० वर सावलीतला चेहरा चिखलासारखा होतो. मघाशी ३२०० आणि ६४०० मध्ये फरक नाही म्हणालो आणि आता तोच धरून बसलो आहे, असे कोणाला वाटेल. पण तिथे कॅमेरा तिवईवर लावून माग थांबवता येत होता, इथे नर्तिकेला थांबवता येत नाही. शिवाय लेन्स जितका उजेड आत घेते तितका कॅमेऱ्याच्या फोकस यंत्रणेलाही मिळतो. अंधाऱ्या रंगमंचावर एफ ५.६ ची लेन्स पुढेमागे चाचपडत राहते तेव्हा एफ २.८ वाली डोळा पकडून मोकळी झालेली असते. शाळांच्या स्नेहसंमेलनात ज्यांनी दोन्ही वापरल्या आहेत त्यांना हे पटवावे लागणार नाही.

लग्नातही याच लेन्सचे फोटो अल्बममध्ये उठून दिसतात. सप्तपदीच्या वेळी व्हिडिओवाल्यांच्या घोळक्याबाहेर उभे राहून, १८० मिलिमीटरवर, मुलीच्या आईचा चेहरा असा घेता येतो की मागचा बॅनर, पंख्याचा खांब आणि जेवणाच्या रांगेतली मंडळी सगळी रंगांच्या डागांत मिसळून जातात. आपल्या कार्यालयांत मागे काय काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याला ७१ मिलिमीटरच्या रुंदीचे मोल कळेल.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ईएफ ७०-२०० मार्क दोनचे वजन १४९० ग्रॅम आहे, आणि रिसेप्शनची रांग संपेपर्यंत मनगट आणि मान दोन्ही बोलू लागतात. नवी पिढी हलकी आहे : २०१९ ची कॅनन आरएफ १०७० ग्रॅमची, २०२१ ची सोनी जीएम दोन १०४५ ग्रॅमची. पण कॅननच्या त्या २०१९ च्या लेन्सची नळी झूम करताना बाहेर येते आणि तिला टेलिकन्व्हर्टर, म्हणजे पल्ला वाढवणारी जोडकाच, बसतच नाही. तो बसणारी, नळी आतच ठेवणारी झेड आवृत्ती २०२४ पर्यंत थांबून मिळाली, तीही चढ्या दरात. सोलापूरच्या कोरड्या, धुळकट हवेत नळी आतबाहेर करणाऱ्या लेन्सबद्दल मी थोडा साशंक असतो. व्यावसायिक लेन्सच्या माउंटला रबराची कडी असते, हा तिच्या किमतीतला खरोखर कामाचा भाग आहे. तरी कॅननच्या काही एल लेन्सचे धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि विक्रेता आपणहून सांगत नाही.

नान्नजच्या माळरानासाठी ही लेन्स घेऊ नये. १९७९ मध्ये माळढोकासाठी स्थापन झालेल्या त्या अभयारण्यात आता माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे, काळविटांचे कळप मात्र दिसतात, आणि ते इतके दूर असतात की २०० मिलिमीटरमध्ये शिंगे मोजता येत नाहीत. दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर लावला की ४०० एफ ५.६ मिळते, पण दोन स्टॉप उजेड आणि थोडी धार गमवावी लागते. २०२१ मध्ये आलेली कॅननची आरएफ १००-४०० एफ ५.६-८ ही ६३५ ग्रॅमची लेन्स सकाळच्या उन्हात तेच काम पाव किमतीत करते. उन्हाळ्यात नऊनंतर जमिनीवरून झळा उठू लागल्या की कोणतीही लेन्स सारखीच मऊ दिसते. हवाच हलत असते, काच काय करणार. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी टिपणाऱ्यांनी तर सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०-६०० कडेच पाहावे.

धारदारपणाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण जाहिरातीत तो सर्वांत पुढे असतो. २४ मेगापिक्सलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सलचा असतो. बारा बाय अठरा इंचांचे अल्बमचे पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला ५४०० बाय ३६०० पुरतात. एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान वापरलेली कोणतीही बरी लेन्स हे पान भरून काढते. फरक दिसतो तो पूर्ण उघड्या अपर्चरवर आणि कोपऱ्यांत. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात सहसा झेंडूची माळ असते.

म्हणून माझी शिफारस अशी : नव्या २४-७० च्या पैशांत जुनी २४-१०५ एफ ४, एक ५० किंवा ८५ एफ १.८ आणि सेकंड हँड ईएफ ७०-२०० एफ २.८ एल आयएस मार्क दोन घ्यावी. लोक मिररलेसकडे वळू लागल्यापासून ईएफ लेन्सचे भाव उतरले आहेत, आणि कॅननच्याच अॅडॉप्टरवर त्या ऑटोफोकससह बिनतक्रार चालतात. २०१८ मध्ये आलेल्या मार्क तीनच्या मागे लागण्याचे कारण नाही. काचांची रचना मार्क दोनचीच आहे, बदल मुख्यतः काचेवरच्या लेपात आहे. ज्याला ही लेन्स वर्षातून मोजक्याच कार्यक्रमांना लागते, त्याने एका दिवसाचे भाडे विचारावे, लेन्सच्या किमतीला त्याने भागावे आणि येणारे दिवस आपल्या कामाच्या दिवसांशी ताडून पाहावेत. कित्येकांना भाड्यानेच परवडेल.

सेकंड हँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि मग भाव कितीही पाडून दिला तरी सोडून द्यावी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत वापरलेल्या लेन्सना ती कमी लागते. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्स अधिक बारकाईने पाहाव्यात. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्याने फोटोत काही बिघडत नाही, त्यावरून भाव मात्र पाडून घ्यावा. मागच्या काचेवरचा ओरखडा खपवून घेऊ नये. त्यानंतर विटांची भिंत समोर सरळ धरून ७०, १३५ आणि २०० वर एफ २.८ ने फोटो काढावेत आणि डावी-उजवी बाजू मोठी करून तुलना करावी. एकच बाजू मऊ असेल तर लेन्स कधीतरी आपटली आहे, विक्रेता काहीही म्हणो. शेवटी स्टॅबिलायझेशन चालू करून लेन्स कानाला लावावी : हलकी घरघर ठीक, पण चित्र उड्या मारत असेल तर ती लेन्स दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईला पाठवावी लागेल, आणि तो खर्च किमतीतून आधीच वजा करून बोलणी करावीत.